मदत हवी आहे: करवंटीच्या कोळशाचा सुपरकपॅसिटर, चार्ज टिकत नाही

नमस्कार मंडळी,

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव मालवणजवळ, आमच्याकडे बंबात करवंट्याच जळतात. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्येही (बॅटरीसारखी वीज साठवणारा, पण झटपट चार्ज होणारा घटक) बऱ्याचदा करवंटीचाच कोळसा असतो हे वाचलं आणि प्रकल्पाचा विषय ठरला.

कोळसा कुटून वस्त्रगाळ केला. त्यात तिप्पट पोटॅशियम हायड्रॉक्साइड कालवून, स्टीलच्या डब्यात घालून कॉलेजच्या भट्टीत नायट्रोजनखाली ७५० अंशांवर तासभर ठेवला. नंतर लिटमसचा रंग बदलेनासा होईपर्यंत पाण्याने धुतला. ग्राफाइटच्या पत्र्यावर लेप, मध्ये फिल्टर पेपर, सोडियम सल्फेटचं द्रावण.

धारिता (चार्ज साठवायची क्षमता, फॅरडमध्ये मोजतात) चांगली येते. पण १ व्होल्टला चार्ज करून सोडला की अर्ध्या तासात मीटरवर ०.४!

सर म्हणतात कोळशाऐवजी ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) घे. त्याचं पृष्ठफळ तत्त्वतः ग्रॅममागे २६३० चौरस मीटर, मान्य. पण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. बाजारातले सेल सेंद्रिय द्रावणामुळे २.७ व्होल्ट सोसतात, आणि तरीही ३००० फॅरडच्या अर्ध्या किलोच्या नळकांड्यात जेमतेम ३ वॉट-तास मावतात. मोबाइलच्या बॅटरीत १५ असतात. हे अंतर कमी व्हावं असं मनापासून वाटतं, पण साठवलेलंच गळत असेल तर महागडा पदार्थ आणून काय करू? गळती कोळशातून आहे की पेपरमधून, कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
स्टीलचा डबा! वितळलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्या तापमानाला स्टील खातं. तुझ्या कोळशात लोह उतरलं असणार. लोहाचे आयन एका इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देतात, दुसऱ्यावर घेतात आणि चार्ज आतल्या आत संपतो. नुसत्या पाण्याने लोह जात नाही. चिमूटभर कोळसा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात गरम कर, गाळ, त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाक. लाल झालं तर समज. पुढच्या वेळी निकेलची मूस वापर.

धागाकर्ता
दादा, आत्ताच लॅबमधून आलो. परीक्षानळी रक्तासारखी लाल झाली! उरलेला कोळसा आम्लाने धुवून वाचेल का, की नव्याने भाजू? करवंट्या भरपूर आहेत, भट्टी मात्र आठवड्यातून एकदाच मिळते.