मदत हवी आहे: चार पेशंट समोर, आधी कोणाकडे जायचं?

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या मेल मेडिकल वॉर्डात पोस्टिंग चालू आहे. ट्यूटर मॅडमनी एक कागद हातात दिलाय: सकाळी आठचा हँडओव्हर नुकताच झालाय, स्टाफ सिस्टर राऊंडला अडकल्यात, आधी कोणाकडे जाशील आणि का?

खाट ४: वय ६६, जुना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट श्वासविकार). २ लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९० टक्के, श्वास २२, पल्स ८८, बीपी १३०/८०. तीन दिवस असंच. बसून चहा पितोय. फाइलवर डॉक्टरांनी ‘सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवा’ असं लिहिलंय.

खाट ९: वय २४, टायफॉइड. ताप १०३, पल्स १०४, श्वास २०, बीपी ११८/७६. आई दर पाच मिनिटांनी टेबलाशी येऊन ओरडतेय.

खाट १२: वय ३१, डेंग्यू, पाचवा दिवस. रात्री ताप उतरला, आता ९८.६. पल्स ११२, बीपी १००/८०, श्वास २२, सॅच्युरेशन ९७. पोट दुखतंय, दोन उलट्या. हँडओव्हरमध्ये ‘ताप नाही, स्टेबल’.

खाट १५: वय ५८, मधुमेह. साडेसातला साधं इन्शुलिन दिलंय, नाश्ता अजून आलेला नाही. नीट बोलतोय, भूक लागली म्हणतोय.

वर्गात दोन तट पडलेत. आमचा गट म्हणतो ४, कारण एबीसीत (श्वासमार्ग, श्वास, मग रक्ताभिसरण) श्वास आधी. दुसरा गट म्हणतो ९, कारण ताप तर समोर दिसतोय. एकाच मुलीने १२ लिहिलंय, पण कारण विचारलं तर म्हणते, "मला त्याचं बीपी आवडलं नाही." एबीसी, मॅस्लोची गरजांची उतरंड, नर्सिंग प्रोसेस सगळं पाठ आहे, तरी इथे गाडी अडते. वॉर्डात जुन्या सिस्टर दारातून नुसती नजर टाकून बरोबर त्या खाटेपाशी जातात, ते कसं? कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद: इन्चार्जबाई

१२ लिहिणाऱ्या त्या मुलीला आधी चहा पाज.

आता १२ चं बीपी बघ. १००/८०. वरचा आकडा घाबरवणारा नाही म्हणून सगळे पुढे जातात. पण वरच्यातून खालचा वजा कर, उरतात २०. डेंग्यूत हे अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की शॉकची (अवयवांना रक्त कमी पडण्याची) सुरुवात समजायची. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतंय, शरीर वाहिन्या आवळून खालचा आकडा धरून ठेवतंय. वरचा आकडा कोसळेपर्यंत थांबलीस तर हातात फार थोडा वेळ राहतो.

दुसरी खूण पल्सची. ताप उतरला की पल्सही उतरायला हवी, इथे ११२. मग हृदयाची ही धावाधाव कशासाठी? डेंग्यूचा धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरताना येतो. नातेवाईक त्याच दिवशी डिस्चार्ज मागतात. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी या सगळ्या धोक्याच्या खुणा. ‘ताप नाही, स्टेबल’ हे वाक्य हँडओव्हरमध्ये ऐकलं की मी स्वतः जाऊन हात लावून बघते.

हात लावून म्हणजे खरंच हात लावून. पावलं गार आहेत का? नख दाबून सोड, गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येतो का? शेवटची लघवी कधी झाली ते पेशंटलाच विचार, चार्टवर कोणी लिहिलेलं असेलच असं नाही. बीपी मशिनवर विसंबू नकोस, हाताने परत घे.

प्रतिसाद: परदेशातली नर्स

इन्चार्जबाईंशी सहमत. मी ब्रिटनमध्ये वॉर्डला आहे. इथे एनईडब्ल्यूएस-२ नावाचा तक्ता भरतात, पेशंट किती बिघडलाय याचे गुण देणारा, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये काढलेला. तुझे आकडे त्यात टाकून बघितले. टायफॉइडवाल्याचे ३: तापाचे २, पल्सचा १. डेंग्यूवाल्याचे ६: श्वास २, बीपी २, पल्स २. पाच झाले की डॉक्टरांना तातडीने कळवायचं. म्हणजे दिसायला सगळ्यात शांत पेशंटचे गुण सगळ्यात जास्त.

खाट ४ ची गंमत वेगळीच आहे. सॅच्युरेशनच्या नेहमीच्या पट्टीवर त्याचे ७ होतात, धावपळ करावी असे. पण ज्यांच्यासाठी डॉक्टरांनी ८८ ते ९२ चं लक्ष्य ठरवलंय त्यांची पट्टी वेगळी, आणि तिच्यावर त्याचे ४ च. त्यात तीन दिवस तसाच आहे, चहा पितोय, बोलतोय. तुमच्या गटाने एबीसी बरोबर लावलं, फक्त जुनं दुखणं आणि नवीन बिघाड यांना एकाच मापाने मोजलं. ९० दिसलं म्हणून ऑक्सिजन आठ लिटरवर नेऊ नका, अशा पेशंटचा कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. हाच माणूस वाक्य पुरं करू शकत नसता किंवा पेंगत असता, तर मीही आधी ४ कडेच गेले असते.

धागाकर्ती

खूप आभार दोघींचे! पण १५ चं काय? साडेसातचं इन्शुलिन म्हणजे त्याचीही शुगर पडणार ना? मी १२ पाशी असताना तो घामाघूम झाला तर?

प्रतिसाद: इन्चार्जबाई

बरोबर बोललीस, माझ्या यादीत तो दुसराच आहे. साधं इन्शुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं, त्यामुळे तिथे घड्याळ चालू आहे. पण त्याचं काम दुसऱ्यांना सांगून होतं. १२ कडे जाता जाता मावशींना सांग, "१५ चा नाश्ता आत्ता आणा." सोबतच्या विद्यार्थिनीला शुगर तपासायला ग्लुकोमीटर दे. शुगर ७० च्या खाली आली आणि पेशंट नीट गिळतोय, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपास. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, हाक मारायची.

कागदावर एक, दोन, तीन, चार असं लिहावं लागतं. वॉर्डात मात्र कोणतं काम स्वतःच्या हाताने करायचं आणि कोणतं दुसऱ्यावर सोपवायचं, हेही त्याच क्षणी ठरवायचं असतं. ९ च्या आईला "ताप बघितलाय, औषध लिहिलेलं आहे, दहा मिनिटांत देते" एवढं जाताजाता सांग, आणि मग खरंच दे. नाहीतर ती बाई तुला १२ पाशी उभं राहू देणार नाही.

प्रतिसाद: रेसिडेंट

डॉक्टरच्या बाजूने एक विनंती. "सर, १२ नंबर बरा वाटत नाही" असा फोन आला की आम्ही पण "बघतो" म्हणतो आणि विसरतो. समजा तपासल्यावर असं निघालं, तर हे असं सांगा:

"मेल मेडिकलमधून स्टुडंट नर्स बोलतेय. खाट १२, डेंग्यू, पाचवा दिवस, रात्री ताप उतरलाय. बीपी १००/८०, हाताने परत घेतलं तरी तेवढंच. काल संध्याकाळी ११६/७४ होतं. पल्स ११२, पावलं गार, पहाटेपासून लघवी नाही. शॉककडे चाललाय असं वाटतंय. आत्ता येता का? तोवर हिमॅटोक्रिटसाठी (रक्त किती दाट झालंय ते बघायला) रक्त काढून ठेवायला सांगू का?"

कालचा आकडा आजच्या शेजारी ठेवला की माणूस खुर्चीतून उठतो. आणि सलाईनचा वेग ऑर्डरशिवाय वाढवू नका, डेंग्यूत जास्त पाणीही फुफ्फुसात उतरतं. पोट दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन तर अजिबात नको.

धागाकर्ती

उद्या ड्युटीला गेल्यावर आधी टीपीआर (ताप, पल्स, श्वास) चार्टवर मागच्या दिवसाचे आकडे वाचीन. मॅडमना उत्तर देताना १२, १५, ४, ९ असं लिहितेय. ४ आणि ९ मध्ये अदलाबदल चालेल का?

प्रतिसाद: इन्चार्जबाई

चालेल, फक्त कारण लिही. मी ९ आधी घेईन, कारण ४ चा चहा अजून संपलेला नाही.