पाएया दुपारचा खा
रात्री मागवलेला पाएया (पसरट कढईत शिजवलेला स्पॅनिश भात) गिळगिळीत निघाला, म्हणून स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात खाण्यासारखं काही नाही, असं इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. ते मत मला अजिबात पटलं नाही. तिथले लोक पाएया दुपारीच खातात, तोही ताजा शिजवलेला. चांगल्या ठिकाणी किमान दोन माणसांची ऑर्डर घेतात आणि अर्धा तास तरी थांबवतात. शहराच्या दक्षिणेला अल्बुफेराचं तळं आहे, भोवती भातखाचरं. तिथल्या एल पाल्मार गावात आम्ही खाल्ला: उथळ पसरट कढई, भाताचा जेमतेम बोटभर थर आणि तळाला तांबूस, कुरकुरीत खरवड. तिला ते सोकारात म्हणतात. आमच्या टेबलावर तिच्यासाठी अक्षरशः भांडण झालं! मूळ पाककृतीत कोंबडी आणि ससा असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी 'पाएया दे वेर्दुरास' मागावा, पण रस्सा मांसाचा नाही ना, हे आधी विचारून घ्यावं.

आणि ओर्चाताचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? चुफा नावाच्या छोट्या कंदांचं हे गारेगार, दुधासारखं पांढरं पेय. दूध मात्र थेंबभरही नाही. त्यात फार्तोन हा लांबट, मऊ गोड पाव बुडवून खायचा. सेंट्रल मार्केट सकाळीच बघा, दुपारी बंद होतं. समोरच रेशीम व्यापाऱ्यांची १५व्या शतकातली लोंखा, म्हणजे व्यापाराची इमारत, आहे. तिचे पीळदार खांब बघितल्याशिवाय परतू नका.