मदत हवी आहे: फझी सर्चमध्ये (अंदाजे जुळणाऱ्या शोधात) नावांची जुळणी किती सैल ठेवावी?

नमस्कार. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवलेल्या देवनागरी नावांसाठी मी शोधसुविधा तयार करत आहे. शोधणाऱ्याकडून ऱ्हस्व-दीर्घाची किंवा अनुस्वाराची गल्लत झाली तरी योग्य नोंद सापडावी, पण भलतीच नावे यादीत येऊ नयेत, अशी अपेक्षा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच मर्यादेत बसत नाहीत, ही माझी अडचण आहे.

लेव्हेनश्टाइन अंतर (एका शब्दाचा दुसरा करायला लागणारे चिन्हांचे कमीत कमी बदल) मोजले तर ‘रवींद्र’ आणि ‘रविंद्र’ यांच्यात 1 बदल येतो. ‘रवींद्र’ आणि ‘रवीन्द्र’ यांच्यात मात्र 2 येतात, कारण अनुस्वाराच्या जागी ‘न’ येतो आणि हलन्ताचे चिन्ह वाढते. ‘नरेंद्र’ आणि ‘महेंद्र’ यांच्यातील अंतरही 2 आहे. एकाच नावाची दोन लेखने आणि दोन निराळी नावे या आकड्याला सारखीच दिसतात. मर्यादा 1 ठेवली, तरी ‘उमा’ शोधणाऱ्याला ‘रमा’ मिळतेच. इलास्टिकसर्च या शोधप्रणालीतील स्वयंचलित पद्धत 3 ते 5 चिन्हांच्या शब्दाला 1 आणि त्याहून मोठ्या शब्दाला 2 बदलांची सूट देते. लांबीनुसार सूट देणे मला पटते, पण वरचा प्रश्न त्याने सुटत नाही. ट्रायग्राम पद्धत दोन शब्दांतील तीन-तीन चिन्हांचे समान तुकडे (त्रिके) मोजून साम्याचे गुण देते; तिची मूळ मर्यादा 0.3 आहे, पण लहान नावांत त्रिकेच मोजकी असल्याने एक अक्षर बदलताच गुण फार घसरतात.

त्यामुळे शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवावा, त्यात युनिकोड एकरूप करून (एकच अक्षर निरनिराळ्या संकेतांनी साठवले असेल तर ते एकसारखे करून) ऱ्हस्व-दीर्घ एक करावेत आणि अनुनासिकाचा अनुस्वार करावा, असे मला वाटते. हे रूपांतर त्याच वर्गातील व्यंजनापूर्वीच व्हायला हवे, नाहीतर ‘जन्मेजय’मधला अर्धा ‘न’ही अनुस्वार होईल. आधी या स्तंभावर तंतोतंत जुळणी करावी आणि फझी जुळणी त्यानंतरच वापरावी.

तंतोतंत नोंद सापडली, तर फझी निकाल दाखवावेत का? ते लपवले तर नोंदवतानाच चुकलेले नाव कधीच समोर येणार नाही. म्हणून ते खाली, वेगळ्या गटात दाखवावेत, याकडे माझा कल आहे. दुसरे असे की, पोस्टग्रेसच्या लेव्हेनश्टाइन फंक्शनला भर, वगळ आणि बदल यांच्या निरनिराळ्या किमती देता येतात, पण त्या सर्व चिन्हांना सारख्याच लागू होतात. मात्रेतील बदल स्वस्त आणि व्यंजनातील बदल महाग ठरेल अशी मोजणी कोणी केली आहे का, आणि नोंदी वाढल्यावर तिचा वेग कसा राखला?