लॉरा मल्व्हीवरचा विकीलेख वाढवायचाय, पण गाडी एकाच निबंधावर अडलीये

खिडकीतली_सीट:
नमस्कार मंडळी, मराठी विकीसाठी लॉरा मल्व्ही या ब्रिटिश सिनेअभ्यासक बाईंवर धूळपाटीवर (विकीवरचं कच्च्या लिखाणाचं पान) लिहायला घेतलंय. जन्म १९४१, ऑक्सफर्ड, तिथेच सेंट हिल्डाज कॉलेजात इतिहास, मग १९७५ ला 'स्क्रीन' मासिकात आलेला तो गाजलेला निबंध, मेल गेझ (म्हणजे हॉलिवूडचा सिनेमा बाईकडे पुरुषाच्या नजरेनं बघतो हा मुद्दा), फ्रॉइड आणि लाकाँ हे मनोविश्लेषक, दिग्दर्शक हिचकॉक, आणि संपलंच. पाऊण लेख त्या निबंधाचाच झालाय, चरित्र कमी आणि बीएच्या गाईडमधली टीप जास्त वाटतेय. निबंधाचा वेगळा लेख काढू का?

जुना_प्रोजेक्टर:
काढा की, पण त्यानं हा लेख भरणार नाहीये. बाई निबंधाच्या आधी काय करत होत्या ते कुठंय? नोव्हेंबर १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्ड ही सौंदर्यस्पर्धा चालू होती, बॉब होप हा विनोदी नट स्टेजवर विनोद मारत होता आणि प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी उठून खुळखुळे वाजवले, पत्रकं उधळली, पिठाच्या पुड्या फेकल्या, सगळा लाइव्ह कार्यक्रम बंद पडला थोडा वेळ. त्यात मल्व्ही होत्या, नंतर एका सहकारी बाईंबरोबर त्यावर लेखही लिहिला. बाईला कसं बघितलं जातं हा प्रश्न तिथेच आलेला दिसतो. फक्त हा धागा तुम्ही स्वतः जोडू नका हां, जोडणारा अभ्यासक शोधा आणि त्याच्या नावानं लिहा, नाहीतर 'मूळ संशोधन' (लेखकाचा स्वतःचा निष्कर्ष, विकीवर चालत नाही) म्हणून कोणीतरी उडवेल आणि ते बरोबरच असेल.

तिसरी_घंटा:
आणि त्या दिग्दर्शक पण आहेत हे सगळे विसरतात!! पीटर वॉलन (तेव्हाचा नवरा) बरोबर पेंथेसिलिया १९७४ आणि रिडल्स ऑफ द स्फिंक्स १९७७ हे सिनेमे. दुसरा मिळाला तर बघाच, स्वयंपाकघराच्या शॉटमध्ये कॅमेरा साधारण ओट्याच्या उंचीवरून हळूहळू गोल फिरत राहतो, आईचे हात दिसतात, कामं दिसतात, चेहरा नाही. निबंधात हॉलिवूडबद्दल जी तक्रार आहे तिच्यावर स्वतःच काहीतरी करून बघितलंय. 'कारकीर्द' मध्ये यावर नीट परिच्छेद पाहिजे, शेवटी फिल्मोग्राफीत दोन ओळी टाकून भागवू नका.

खिडकीतली_सीट:
हे मस्त मिळालं, थँक्यू. 'टीका' असा वेगळा विभाग करू का?

जुना_प्रोजेक्टर:
मी तरी नाही करणार. असा विभाग म्हणजे अडगळीची खोली होते, जो येतो तो काहीतरी टाकून जातो. कालक्रमानंच घ्या ना, १९८१ ला मल्व्हींनी स्वतःच स्त्री प्रेक्षकाचं काय यावर पुढचा लेख लिहिला, १९९२ ला बेल हुक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेनं विचारलं की या सगळ्यात काळी बाई कुठंय, २००६ च्या पुस्तकात परत मल्व्हीच म्हणतात की डीव्हीडीमुळे प्रेक्षक सिनेमा थांबवू शकतो तेव्हा बघणंच बदललं. वाद आपोआप कळतो.

तिसरी_घंटा:
+१. अजून एक, इंग्रजी विकीवरून भाषांतर केलं असेल तर संपादन सारांशात तसं लिहा आणि मूळ लेखाचा दुवा द्या. हयात व्यक्तीचा लेख आहे, खाजगी आयुष्याबद्दलचं प्रत्येक वाक्य संदर्भासकट, नसेल संदर्भ तर वाक्यच नको. 'थोर', 'अजरामर' वगैरे पण काढा प्लीज 🙏 फोटो कॉमन्सवर (विकीचा मुक्त परवान्याच्या चित्रांचा साठा) असेल तोच घ्या, गुगलवरून उचललेला उडतोच.

खिडकीतली_सीट:
'थोर' दोनदा होतं, काढलं 😅 आता मिस वर्ल्डपासून परत बांधते, झालं की चर्चापानावर टाकते.