मदत हवी आहे: पळायचा कंटाळा येतोय, मजा परत कशी आणू?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहते, जानेवारीपासून उपवन तलावाला सकाळी पळतेय, आधी 2 मिनिटं पळ 1 मिनिट चाल असं करत करत आता सलग 5 किमी होतात, पहिल्यांदा झाले तेव्हा तलावाकाठी बसून चक्क रडले होते मी. पण गेले तीन आठवडे अलार्म वाजतो, उठते, एका बुटाची लेस बांधते आणि तशीच बसून राहते. तोच रस्ता, तेच घड्याळात पेस (एक किमीला किती मिनिटं लागली ते) बघणं. घड्याळ घरी ठेवून गप्पा मारता येतील इतक्याच स्पीडने पळू का, की येऊरचा चढ करून बघू? पावसात तुम्ही काय करता, जिने की दोरीउड्या? कोणी 6 ला उपवनला येत असेल तर प्लीज सांगा ना, सोबत हवीये, मला हे सोडायचं नाहीये.