वारेच्या मूळपेशी म्हणजे पैशांचा धूर? (मुठाकाठ यांच्या पोस्टला उत्तर)

कर्वेरोडकर
मुठाकाठ यांनी परवा लिहिलं: "गरोदरपणातल्या बीपीवर वारेच्या मूळपेशींचं संशोधन म्हणजे पैशांचा धूर. बीपी वेळेवर मोजा, ॲस्पिरिन द्या, विषय संपला." इतक्या ठसक्यात अर्धवट लिहिलेलं पचत नाही, म्हणून लांबण लावतो.

ॲस्पिरिनचं श्रेय कुणी काढून घेत नाही. २०१७ च्या ॲस्प्रे चाचणीत ११-१४ आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिग्रॅ दिल्यावर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया (म्हणजे गरोदरपणात बीपी चढून इतर अवयवांनाही त्रास देणारा आजार) ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रकारात मात्र तसा फरक दिसला नाही. विषय कुठे संपला?

मूळ बिघाड पहिल्या महिन्यांतला. वारेच्या पेशींनी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून वळणदार रोहिण्या रुंद करायच्या असतात, त्या पुरेशा होत नाहीत. निदान होतं २० आठवड्यांनंतर. म्हणजे ज्या वेळची वार पाहायची, त्या वेळी कुणाला त्रास होणार हे माहीत नसतं. माहीत होतं तेव्हा हाती येते ती प्रसूतीनंतरची. जपानमध्ये ओकाए-अरिमा गटाने २०१८ मध्ये मानवी ट्रोफोब्लास्ट (वार बनवणाऱ्या) मूळपेशी वाढवल्या, त्याही ब्लास्टोसिस्ट (काही दिवसांचा भ्रूण) आणि पहिल्या तिमाहीच्या वारेतून. म्हणून मग आजार झालेल्या बाळंतपणातली नाळ घ्यायची, तिच्या पेशी आयपीएस करायच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पुन्हा मूळपेशींसारख्या बनवायच्या, आणि त्यांना ट्रोफोब्लास्टकडे वळवायचं. दुसरा मार्ग असेल तर सांगा.

सदाशिवपेठी
आयपीएस करताना डीएनएवरच्या मिथाइल खुणा (कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवणाऱ्या) बऱ्याच पुसल्या जातात, हे सोयीस्कर गाळलंत. आईची साखर, वजन, डेसिड्युआ (गरोदरपणातलं गर्भाशयाचं अस्तर), तिथल्या एनके नावाच्या प्रतिकारपेशी, यातलं प्रयोगशाळेच्या ताटलीत काय उरलं? शिवाय आठ-दहा आठवड्यांपर्यंत वारेत ऑक्सिजन २-३ टक्के असतो, पेशी वाढवायच्या साध्या इन्क्युबेटरमध्ये २० च्या आसपास. कमी ऑक्सिजनचा इन्क्युबेटर आणलात तरी दार उघडलं की हवा आत, आणि पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातला ऑक्सिजन पुन्हा खाली यायला तास जातात. पडद्यावर ३ दिसलं म्हणजे पेशींना ३ मिळालं, असं कुणी समजू नये.

कर्वेरोडकर
वाचून तरी बोला! २०१९ चा अमेरिकेतल्या मिसुरी गटाचा नाळेच्या आयपीएस पेशींवरचा प्रयोग ऑक्सिजनवरच उभा आहे. ५ टक्क्यांवर आजारी आणि निरोगी बाळंतपणांच्या पेशी सारख्याच घुसल्या. २० वर आजारी गटाची घुसण्याची ताकद घटली. डेसिड्युआ नाही, हे मान्य. त्यासाठी सगळं मोडीत काढायचं?

औंध_गाव
तुमचं चालू द्या. या संशोधनाच्या नावावर, त्यात मूळपेशी असतात म्हणून, नाळेचं रक्त साठवायचं दुकान चालतं त्याचं काय? बाळंतपणाच्या फायलीत चकचकीत माहितीपत्रक असतंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना वाचा: स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर स्वतःच्या रक्तातही तोच दोष. ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) पूर्वरोगी पेशी जन्मतःच असू शकतात. आणि डोस? प्रत्यारोपणाला रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे निदान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. ५० कोटींची पिशवी म्हणजे २० किलोचं मूल. प्रीएक्लॅम्प्सियातलं बाळ लहान, रक्त कमी, वर केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी वाढलेल्या. त्या प्रत्यारोपणाच्या कामाच्या नाहीत, पण यंत्र त्याही मोजतं आणि आकडा फुगतो.

सदाशिवपेठी
धागा वारेचा, तुम्ही गेलात दुकानात! आणि सरसकट नका झोडपू. घरात आधीचं मूल थॅलेसेमियाचं असेल आणि भावंडाचं एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळख) जुळलं, तर तीच पिशवी उपयोगी पडते. पिंपरीच्या सिंधी कुटुंबांना विचारा, त्यांच्यात वाहकांचं प्रमाण जास्त आहे.

औंध_गाव
भावंडासाठी ठेवायला नाही कोण म्हणालं? पण पिशवी भरायची म्हणून नाळ घाईने चिमटायची नाही. नाळ कापायला मिनिटभर थांबलात तर बाळाला सुमारे ८० मिली रक्त मिळतं, तीन मिनिटांत १०० च्या घरात. ते बाळाच्या लोहाचं भांडवल. एकच वाटी, दोन धनी.

कर्वेरोडकर
मुद्दा बरोबर, जागा चुकली. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

मुठाकाठ
बरं, "धूर" खोडतो, विद्वज्जन शांत होवोत. ॲस्पिरिन १६ आठवड्यांआधी सुरू झालं तर खरा उपयोग, आणि मुळशीच्या आतल्या वाडीतली बाई पहिल्यांदा नाव नोंदवते पाचव्या महिन्यात. तिचा दंड ३५ सेंमी आणि बीपी मोजायचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) ३२ पर्यंतचा, तर बीपी उगाच चढलेलं दिसणार. मोठ्या कफची ऑर्डर कोण देणार, एवढं तुमच्या आयपीएसवाल्यांना विचारा.