मदत हवी आहे: स्विंग आर्मचा बोल्ट गंजून धरलाय, कापावा का?

खानापूरच्या पावसात, तांबड्या चिखलात फिरलेली १०० सीसीची जुनी गाडी आहे. स्विंग आर्मचा (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा भाग) मुख्य बोल्ट बुशच्या (सांध्यातलं रबरी अस्तर) आतल्या लोखंडी नळीत पार धरलाय. नट निघाला, पण डोक्याला पाना लावला की बोल्टसोबत नळीही फिरते, रबर पिळवटतं आणि सोडलं की परत जागेवर. म्हणजे गंज अजून फुटलेलाच नाही.

दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारलं. आटे चेपू नयेत म्हणून नट बोल्टच्या टोकाशी सपाट आणला, पितळी दांडा टेकवून दोन किलोच्या घणाने ठोकलं. तसूभर हललं नाही. गॅसने तापवणं टाळतोय, रबर पेटेल आणि वायरिंगही लागूनच आहे.

आता फ्रेम आणि आर्मच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून दोन्हीकडून बोल्ट कापायचा विचार आहे. नळीसकट कापावं लागेल, बुश तसेही नवे घालायचेत. पण फट जेमतेम २ मिमी! फ्रेमचा कान (बोल्ट ज्या भोकातून जातो तो भाग) खरवडू नये म्हणून मध्ये पत्रा घालता का? की आधी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेसवर दाबून बोल्ट निघतो का बघावं? तसं केलं तर कान वाकू नये म्हणून आधार नेमका कुठे द्यायचा?